घाम आणि शिंक

धाप लागेपर्यंत भरभर जिने चढा. तेवढ्या काही मिनिटांतच तुमच्या रक्तात फिरणाऱ्या संरक्षक पेशी कितीतरी वाढलेल्या असतात! इतक्या पेशी आल्या कुठून? त्या शरीरात होत्याच. प्लीहेत, फुप्फुसांत, रक्तवाहिन्यांच्या आतल्या कडांना चिकटून. हृदय धडधडू लागतं, ॲड्रेनलिन पाझरतं आणि त्या सुटून प्रवाहात उतरतात. सगळ्यांत पुढे असतात ‘नॅचरल किलर’ पेशी. विषाणूने ताब्यात घेतलेली पेशी हुडकून तिला तिथल्या तिथे संपवणं, हे त्यांचं काम.

खरं नवल तर पुढेच आहे. व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातला त्यांचा आकडा मूळच्याही खाली येतो. प्रतिकारशक्ती थकली, असाच अर्थ बरीच वर्षं लावला जाई. आता अनेक संशोधक म्हणतात, त्या फुप्फुसं, आतडी अशा जंतू शिरण्याच्या जागी गेलेल्या असतात. रात्री गुरखा चौकीत दिसला नाही, तर तो गस्तीवर असतो, तसंच हे. रक्ताच्या नमुन्यात दिसत होती ती रिकामी चौकी.

मग सर्दी खरंच कमी होते का? अमेरिकेत डेव्हिड नीमन यांच्या गटाने २००८ मध्ये १,००२ प्रौढांची १२ आठवडे नोंद ठेवली. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याचे दिवस, क्वचितच हलणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. ही नुसती पाहणी होती, हे विसरू नये. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर सर्दीच्या खेपा घटल्याचं ठामपणे दिसत नाही; पण तिचा त्रास सौम्य होत असावा, असं दिसतं. सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि लस एकावरही नाही. अशा शत्रूपुढे एवढं मिळालं तरी मला ते थोडं वाटत नाही.

अतिरेकाची गोष्ट वेगळी. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले. तयारी करूनही न धावलेल्यांपैकी फक्त २.२ टक्के. गर्दी, प्रवास, अपुरी झोप यांचाही त्यात वाटा असू शकेल.

तेव्हा रोज अर्धा तास झपझप चाला. सर्दी नाकापुरती असेल, तर हलकं चालायला हरकत नाही; ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल, तर मात्र बरं वाटेपर्यंत विश्रांतीच घ्या.