पाय उचलला तरी गाडी का धावते?

चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाचा जोर ओसरला पाहिजे. पण जुन्या मोटारीत कधी कधी पाय वर येतो आणि इंजिन मात्र घोंघावतच राहते. मिस्त्री म्हणतात, ‘रेस अडकली.’ भर रस्त्यात असे झाले तर प्राणावर बेतू शकते. हा दोष कोठे दडलेला असतो आणि तो कसा हुडकून काढतात, ते पाहू.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे घरोघरी माहीत झालेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी घ्या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी अजूनही आहेत. अशा गाडीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बुरेटर तयार करतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. हे मिश्रण ज्या नळीतून इंजिनात जाते, तिच्यात एक गोल चकती आडव्या दांडीवर बसवलेली असते. हीच थ्रॉटल झडप. पाय दाबला की दांड्यांच्या किंवा तारेच्या साखळीतून ओढ पोहोचते, चकती फिरते आणि वाट मोकळी होते. पाय उचलला की स्प्रिंग चकतीला परत फिरवून वाट बंद करते.

म्हणजे पाय फक्त झडप उघडतो. ती मिटण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे. वाटेतील घर्षण स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढले की झडप उघडीच राहते. सारा प्रश्न या दोन बलांच्या झुंजीचा आहे.

घर्षण वाढते कशाने? पहिले कारण चिकटा. पेट्रोलचा हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होऊन डिंकासारखा थर तयार होतो. त्यावर धूळ आणि इंजिनातील तेलकट वाफा बसतात. दुसरे कारण झीज. दांडीची भोके झिजली की चकती तिरपी होऊन नळीच्या भिंतीत रुतते. तिसरे कारण तारेचे वळण. एक प्रयोग करा. दोऱ्याला वजन बांधा, दोरा पेन्सिलीवरून घ्या आणि ओढून पाहा. मग दोऱ्याचा पेन्सिलीला एक पूर्ण वेढा द्या आणि पुन्हा ओढा. आता बराच जास्त जोर लागेल. वळणागणिक हा जोर नुसत्या बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. म्हणून गंजलेली किंवा चुकीच्या वळणाने बसवलेली तार हमखास अडकते.

आता तपासणी. ती नेहमी गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद आणि थंड असताना, जाणत्या माणसाच्या देखत करावी. पेट्रोलची वाफ पेट घेते. जवळपास आगकाडी किंवा विडी-सिगारेट नको.

आधी सोपी कारणे पाहावीत. पायाखालची चटई सरकून पेडलवर आली आहे का? चोकची मूठ बाहेर ओढलेली राहिली आहे का? चोक ओढला की बऱ्याच कार्बुरेटरमध्ये थ्रॉटलही किंचित उघडतो. ही कारणे नसतील, तर साखळीचे दोन भाग करावेत. कार्बुरेटरच्या तरफेपासून तार किंवा दांडी सोडवावी आणि झडपेची स्प्रिंग जागेवर ठेवून तरफ बोटाने उघडून सोडावी. ती टपकन मिटली तर कार्बुरेटर निर्दोष. दोष तारेत, सांध्यात किंवा पेडलमध्ये आहे. ती रेंगाळली तर दोष झडपेत किंवा तिच्या स्प्रिंगमध्ये आहे. एका चाचणीत निम्मा शोध संपतो!

कधी उभ्या गाडीत सारे ठीक दिसते आणि त्रास फक्त चालत्या गाडीत होतो. याचे एक कारण हवेचा दाब. चकतीचा व्यास ३० मिलिमीटर धरा; क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होईल. झडप जवळजवळ मिटली असता तिच्या दोन बाजूंच्या दाबांत अर्ध्या वातावरणाहून अधिक फरक पडतो. म्हणजे दांडी सुमारे चार किलोग्रॅम भाराने एका बाजूस रेटली जाते आणि झिजलेल्या जागी घर्षण वाढते. दुसरे कारण इंजिनाखालची रबरे. ती फाटली असतील तर जोर पडताच इंजिन कलते आणि दांडी आपोआप ओढली जाते.

उपाय दोषानुसार. चिकटा असेल तर कार्बुरेटर क्लीनरने धुवावा. तारेचे धागे तुटले असतील तर तेल घालून वेळ मारून न नेता तार बदलावी. स्प्रिंग सैल असेल तर त्याच मापाची नवी घालावी. फार कडक स्प्रिंग लावली की दोष झाकला जातो, घर्षण तसेच राहते. चकती तिरपी बसली असेल तर तिचे स्क्रू सैल करून झडप पूर्ण मिटवावी, म्हणजे ती आपोआप मध्यावर येते. मग स्क्रू पक्के करावेत. हे काम मिस्त्रीचेच, कारण सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

आणि धावत्या गाडीत रेस अडकलीच तर? चालकाने क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, ब्रेक घट्ट आणि सलग दाबावा, गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये. स्टिअरिंगला कुलूप असेल तर ते लागून चाके वळेनाशी होतील.

साखळी मध्येच सोडून ‘दोष अलीकडे की पलीकडे’ असे विचारण्याची ही रीत मोटारीपुरती नाही. सायकलचा ब्रेक अडकला की तार चाकाजवळ सोडवून पाहा. दोष कोणत्या टोकाला आहे, ते तुमचे तुम्हालाच कळेल.