उन्हाळ्यांतील गळ आणि काठावरचा माणूस

वैशाख लागला कीं आमच्या नदीकाठावर एकच तक्रार ऐकूं येते : "गुरुजी, मासे गेले तरी कुठें?" माघ महिन्यांत ज्या डोहावर तासाभरांत तीन-चार मासे सहज गळाला लागत, त्याच डोहावर आतां सकाळपासून बसावें, तर पाण्यावरचें बूच जागचें हलत नाहीं. कोणी आमिषाला दोष देतो, कोणी गळाला, तर कोणी शेजारीं बसलेल्या माणसाच्या पायगुणाला ! वस्तुतः मासे कोठेंही गेलेले नसतात. ते तेथेंच असतात; मात्र आपल्यासारखेच उन्हानें त्रासलेले असतात. त्यांची ही मंदी कशामुळें येते आणि तिच्यांतून काठावरच्या माणसानें मार्ग कसा काढावा, हें आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

मी कांहीं मत्स्यशास्त्रज्ञ नव्हें. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, उभी हयात मुलांना बाराखडी आणि त्रैराशिक शिकविण्यांत गेली. परंतु शाळा सुटल्यावर पवनेच्या, इंद्रायणीच्या किंवा चाकणकडील भामा नदीच्या काठीं बांबूची काठी घेऊन बसण्याचा छंद मला तरुणपणापासून जडला. पुस्तकांत वाचलेलें पाण्याशीं ताडून पाहावें आणि पाण्यांत पाहिलेलें पुस्तकांत शोधावें, अशी संवय त्यामुळें लागली. त्या संवयीच्या जोरावरच हें धारिष्ट करीत आहें.

आपला हा प्रदेश कारखान्यांचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी मत्स्यशास्त्रांत त्याला जुनें स्थान आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन 1839 सालीं प्रसिद्ध केलें. महसीर माशाच्या एका जातीला त्यानें दिलेलें 'खुद्री' हें नांव आजही शास्त्रांत चालतें आणि त्या जातीचा मूळ नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतलाच होता. त्या महसीरची संख्या पुढें फार घटली. 1970 नंतरच्या काळांत लोणावळ्याच्या वळवण तलावापाशीं टाटांच्या वीजकंपनीनें त्याचीं पिलें वाढविण्याचें काम हातीं घेतलें. आज काठावरून गळ टाकणाऱ्याला मुख्यतः रोहू, मृगळ, मरळ, शिंगाडा, वाम आणि चिलापी हेच भेटतात. यांपैकीं चिलापी हा आफ्रिकेंतला पाहुणा; तो हिंदुस्थानांत 1952 सालीं आणला गेला. अमेरिकेंत 'बास' नांवाच्या माशामागें काठाकाठानें हिंडणारे हजारों हौशी लोक आहेत आणि उन्हाळ्याच्या ऐन भरांत त्यांचीही तक्रार हीच असते. म्हणजे हें गाऱ्हाणें एका गांवाचें नव्हे. तो पाण्याचा धर्म आहे.

तो धर्म कोणता, हें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांत जाऊं या. चुलीवर पाण्याचें पातेलें ठेवलें, म्हणजे पाणी उकळण्याच्या बरेंच आधीं तळाशीं व कडेला बारीक बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे. पाण्यांत विरघळलेली हवा तापल्यामुळें बाहेर पडत असते. थंड पाणी हवा अधिक धरून ठेवतें, ऊन पाणी कमी धरतें. समुद्रसपाटीवर 20 अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें 9 मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो; 30 अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. हा नुसता वरचा हिशेब झाला. सडका पालापाचोळा आणि सांडपाणी यांमुळें प्रत्यक्षांत प्राणवायु याहून पुष्कळच कमी असूं शकतो, आणि माशाला सुखानें राहण्यास साधारण 5 मिलिग्रॅम तरी हवा.

आतां दुसरी बाजू पाहा. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. भोवतालचें पाणी तापलें कीं त्याचें शरीरही तापतें. तपमान दहा अंशांनीं वाढलें, तर त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज सुमारें दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यांत खर्च वाढतो आणि नेमकी त्याच वेळीं मिळकत घटते ! अशा संसारांत शहाणा गृहस्थ काय करील? अनावश्यक हिंडणें-फिरणें बंद करील. मासाही तेंच करतो. तो सांवलीला किंवा खोल पाण्यांत स्तब्ध राहतो आणि तोंडाजवळ आलेला घांस तेवढा घेतो. घांसामागें धांवत नाहीं. आपण याला आळस म्हणतों; खरें पाहतां ती काटकसर आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यांत पहांटे गळ टाकावा, असें सारेच सांगतात. मीही कित्येक वर्षे पांच वाजतां डोहावर हजर असें. चाकणच्या एका कारखान्यांत रात्रपाळी करणारे एक गृहस्थ सात-साडेसातला काम सुटल्यावर सायकलीवरून येत, माझ्या शेजारीं बसत आणि मी दोन तास रित्या हातानें बसलेला असतांना पहिल्या अर्ध्या तासांत मासा काढीत. मला त्यांचा हेवा वाटे. ते हंसून म्हणत, "गुरुजी, मासेसुद्धां रात्रपाळी करून दमलेले असतात, त्यांना जरा च्या घेऊं द्या!"

त्यांच्या थट्टेंत शास्त्र होतें, हें मला मागाहून कळलें. पाण्यांतील शेवाळ आणि वनस्पति दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतात. रात्रीं मात्र माशांप्रमाणें त्याही तो वापरतात. म्हणून सांचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यांत प्राणवायूचें प्रमाण सूर्योदयापूर्वीं सर्वांत कमी असतें. पाणी थंड असलें, तरी मासा गुदमरलेला असतो. सूर्य वर येऊन तास-दोन तास झाले, म्हणजे त्याच्या जिवांत जीव येतो. याउलट, वाहत्या पाण्यांत प्रवाहामुळें हवा रात्रभर मिसळत असते; तेथें पहांटेचा गारवा निर्भेळ लाभाचा ठरतो. तेव्हां नियम असा करावा : वाहतें पाणी असेल तर पहांटे जावें, सांचलेला डोह असेल तर उन्हें कोवळीं असतांना, आठाच्या सुमारास जावें. संध्याकाळीं सूर्य कलल्यावरही डोहांत प्राणवायु भरपूर असतो, आणि वरचें पाणी निवूं लागलें कीं मासे काठाकडे सरकतात. दुपारीं मात्र माणसानें आणि माशानें, दोघांनींही विश्रांति घ्यावी हेंच उत्तम.

वेळेनंतर जागेचा विचार. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतूनच रावेतपर्यंत येतें आणि तेथें शहरासाठीं उचललें जातें. त्यामुळें रावेतच्या वरच्या अंगाला भर उन्हाळ्यांतही नदी थोडीफार वाहती राहते. बंधाऱ्यावरून पाणी जेथें खळाळून खालीं पडतें, तेथें त्यांत हवा घुसळली जाते. त्या फेंसाळ पाण्याच्या खालच्या बाजूस, प्रवाह जरा संथ होतो तेथें, गळ टाकावा. ओढा नदीला मिळतो ती जागा, तसेंच करंज, उंबर किंवा वाळुंजाची सांवली दुपारभर पाण्यावर पडते ती जागा, याही चांगल्या. फार खोल डोहाच्या अगदीं तळाशीं जाण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यांत वरचें ऊन पाणी हलकें होऊन वरच तरंगतें, खालचें जड पाणी त्यांत मिसळत नाहीं आणि तळाशीं प्राणवायु संपत जातो. अशा डोहांत मासे मधल्या थरांत असतात. म्हणून बूच सरकवून वेगवेगळ्या खोलीवर आमिष ठेवून पाहावें. जलपर्णीनें पूर्ण झांकलेल्या पाण्याचा नाद मात्र सोडून द्यावा. धरणाखालीं बसतांना पाणी अचानक वाढूं शकतें, हें विसरूं नये. जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छिमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तेथें आधीं परवानगी घ्यावी. देहूच्या डोहांतील मासे मात्र देवाचे मानले जातात. तेथें गळ टाकूंच नये.

आमिषाविषयीं दोनच गोष्टी सांगतों. घांस लहान असावा आणि तो हळू हलावा. हिवाळ्यांत कणकेचा मोठा गोळा चालतो. उन्हाळ्यांत वाटाण्याएवढी गोळी किंवा गांडुळाचा तुकडा पुरतो. दोरा बारीक घ्यावा, कारण उन्हाळ्यांत पाणी नितळ असतें व माशाला दोरा दिसतो. त्याच कारणानें काठावर उभें न राहतां मागें सरकून बसावें आणि आपली सांवली पाण्यावर पडूं देऊं नये. एकाच जागीं तपश्चर्या करीत बसण्यापेक्षां अर्ध्या तासानें जागा बदलावी. मासा आपल्याकडे येत नाहीं, तर आपण त्याच्याकडे गेलें पाहिजे. आणि कांहींच जमलें नाहीं, तर मरळीकडे वळावें. मरळ ही हवेंतूनही श्वास घेऊं शकते. मधून मधून ती पाण्यावर येऊन हवेचा घोट घेते. त्यामुळें इतर मासे मंदावले, तरी ती तरतरीत असते. पाणवनस्पतींच्या कडेला असा घोट घेतल्याचें वलय उठलें, कीं त्याच्या जरा पलीकडे आमिष टाकून सांवकाश जवळ ओढावें.

येथपर्यंत मासा मिळविण्याची गोष्ट झाली. आतां ज्या गोष्टीसाठीं मी मुख्यतः हें भाषण करण्याचें कबूल केलें, ती सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत माझा नातू हट्टानें माझ्याबरोबर नदीवर आला. ऊन चढलें होतें. परंतु मुलाला रित्या हातानें परत न्यावें, हें मनाला येईना. अकराच्या सुमारास एक चांगला रोहू लागला. मुलाला मजा वाटावी म्हणून मीं त्याला बराच वेळ खेळविला, मग बादलींत ठेवून त्याचे फोटो काढूं दिले, आणि शेवटीं भूतदयेचा धडा म्हणून समारंभपूर्वक पाण्यांत सोडला. मासा पोहत गेला. दुसऱ्या दिवशीं आम्ही तेथेंच गेलों, तों तो मासा लव्हाळ्यांत पोट वर करून तरंगत होता. ओठावरची गळाची खूण स्पष्ट दिसत होती. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर त्याला सोडलें होतें ना?" चाळीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं, परंतु त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर साधें होतें. झुंजतांना माशाच्या स्नायूंना प्राणवायूचें कर्ज काढावें लागतें. थंड पाण्यांत तें कर्ज लवकर फिटतें. ऊन पाण्यांत फेडण्यास प्राणवायुच नसतो. मासा पोहत जातो खरा, पण पुढें गुदमरून मरतो. तेव्हांपासून मीं चार नेम केले आहेत. दुपारीं गळ टाकायचा नाहीं. मासा लागला तर त्याला न खेळवितां लवकर काढायचा. सोडायचा असेल तर हात ओले करून, शक्य तों पाण्यांतच गळ काढून सोडायचा. आणि पाण्यावर मासे तोंडें उघडून हवा घेत घोळक्यानें दिसले, तर काठी गुंडाळून घरीं जायचें. पावसाळ्याच्या तोंडाशीं पोटांत अंडीं असलेली मादी व केव्हांही महसीर लागला तर त्याला सोडूनच द्यायचें, हा पांचवा नेम पूर्वींपासूनचा आहे.

त्या उघड्या तोंडांची खूण आमच्या शहरासाठीं फार मोलाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादींत पवनेचा रावेत ते दापोडी हा भाग आहे. उन्हाळ्यांत प्रवाह क्षीण होतो, सांडपाणी मात्र तेवढेंच येतें. तें कुजतांना उरलासुरला प्राणवायु खाऊन टाकतें, आणि एखाद्या सकाळीं मेलेल्या माशांचा खच पाण्यावर दिसतो. ऊन पाण्यांतली मंदी रोज संध्याकाळीं थोडीतरी ओसरते. जी मंदी संध्याकाळींही ओसरत नाहीं, पाण्याला दुर्गंध येतो, फेंस धरतो, ती ऋतूची मंदी नव्हे. तो आजार आहे. अशा भागांतला मासा खाऊं नये, आणि दिसलेली गोष्ट महापालिकेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावी. रोज त्याच काठावर बसणारा माणूस हा नदीची नाडी पाहणारा असतो. रोग्याची नाडी मंद लागली असतां वैद्यानें आपल्या फीचीच चिंता करीत बसावें, हें शोभत नाहीं.

मृगाच्या सरी आल्या, नदीला नवें पाणी आलें, कीं हीच मासळी प्रवाहाविरुद्ध चढूं लागेल आणि आजची तक्रार आपण विसरून जाऊं. तोंवर सकाळची कोवळीं उन्हें, बंधाऱ्याखालचें खळाळतें पाणी, लहानसा घांस आणि पुष्कळसा धीर, एवढ्यावर काठावरच्या माणसानें उन्हाळा काढावा. एखादे दिवशीं टोपली रिकामी राहिली, तर ती नदीला दिलेली उसंत समजावी. माझा नातू आतां माझ्याबरोबर येतो, तेव्हां प्रथम पाण्यांत हात घालून पाहतो आणि कधीं कधीं म्हणतो, "आजोबा, पाणी फार ऊन आहे; आज नको." आणि आम्ही परत फिरतों.