‘मी आलो’ की ‘मी आले’? नॉन-बायनरी रॅपरचं करिअर, मराठीतून

 

आजचा विषय: स्वतःला ना ‘मुलगा’ ना ‘मुलगी’ म्हणवणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी, कलाकाराला कंपनीच्या आधाराशिवाय हिप हॉपमध्ये करिअर करता येतं का? आणि मराठीतून?

पहिली अडचण भाषेचीच. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की काम झालं. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, तोंड उघडलं की लिंग ठरतं! आणि रॅप म्हणजे तर सगळं ‘मी’चंच बोलणं.

पण वाटा आहेत. ‘मी गाणं लिहिलं’ यात क्रियापद गाण्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. ‘मी येईन’, ‘मी बोलणार’, ‘मला राग आला’ यातही लिंग कळत नाही. ‘आम्ही निघालो’ हे तर सगळेच म्हणतात. शिवाय कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली सर्रास ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. म्हणजे नियम वाटतो तेवढा कडक नाही. आणि ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवा. पुरुष संत स्त्रीच्या ‘मी’ने बोलतो, आणि आपण सातशे वर्षं ते गातोय. आवाज बदलणं मराठीला नवं नाही.

आता खरं करिअर बघू. अमेरिकन कलाकार मिक्की ब्लँको. जन्म १९८६ चा. सुरुवात झाली कवितेपासून आणि व्हिडिओसाठी रचलेल्या एका किशोरवयीन मुलीच्या पात्रापासून. २०१२ मध्ये ‘कॉस्मिक एंजल’ ही मिक्सटेप आली. जून २०१५ मध्ये त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की आपल्याला २०११ पासून एचआयव्ही आहे. आता करिअर संपलं असंच त्यांना वाटलं होतं. झालं उलट: २०१६ मध्ये पहिला अल्बम ‘मिक्की’ आला, पुढे २०२१ आणि २०२२ मध्येही रेकॉर्ड आल्या. लपवलेली गोष्ट बोलून टाकल्यावरही श्रोते टिकले.

आणि हो, मिक्कींबद्दलचा वरचा परिच्छेद परत वाचा. त्यांच्यासाठी ‘तो’ नाही, ‘ती’ही नाही. मराठीत जमतं!

आपल्याकडे अशी वाट थोडीफार तयार आहे. दिशा पिंकी शेख या ट्रान्सजेंडर कवयित्री मराठीत लिहितात. ‘स्वदेसी’चा एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि अमरावतीचा १००आरबीएच आपल्या भागाच्या बोलीत. म्हणजे पुण्या-मुंबईची प्रमाण भाषा लागतेच असं नाही. कायद्याच्या बाजूने बघितलं तर १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सुप्रीम कोर्टाने आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला.

आता पैशाचं. गाणं स्पॉटिफायवर थेट टाकता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. तिथे एका गाण्याला १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे हवे असतील तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास वॉचटाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या, त्या रॉयल्टीचा हिशोब वेगळा असतो. फुकटचा ‘टाइप बीट’ घेताना लायसन्स वाचा, नाहीतर गाणं चाललं की कमाई बीटवाल्याकडे जाते.

स्टेजचं नाव तुम्हाला हवं ते ठेवा. पैसे मात्र पॅन आणि बँकेतल्या नावावर येतात, आणि ते नाव पब्लिकला दिसायची गरज नसते. छोट्या गावात राहणाऱ्याला हे फार कामाचं आहे. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुमच्या हातात राहतं. आधी गाणं, मग ओळख, असंही चालतं. घाई करू नका, पण थांबूनही राहू नका.

आजचा होमवर्क: १६ बार लिहा, ‘मी’ने सुरू होणारे, पण ‘आलो-आले’ एकदाही न वापरता. जमलं तर पुढचे १६ दोन्ही वापरून. कोणतं जास्त आपलं वाटतं, ते तुमचं तुम्हालाच कळेल. भेटू पुढच्या भागात!