सीटचं मुंडकं, हँडलची शिंगं

1942 साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. चौकाचौकांतले ब्राँझचे पुतळे वितळवायला नेले जात होते. त्याच दिवसांत साठीतल्या पाब्लो पिकासोला भंगाराच्या ढिगात सायकलचं जुनं सीट दिसलं आणि शेजारीच गंजलेलं हँडल. सीटचं निमुळतं टोक खाली, वर हँडल, की झालं बैलाचं मुंडकं! उंची फूटभराहून जराशी जास्त. त्यात तिसरी वस्तू नाही, कोरीवकामाचा पत्ता नाही.

हे कुणालाही जमलं असतं असं आपल्याला वाटतं, आणि गंमत तिथेच आहे. पिकासोचं म्हणणं असं, की बघणाऱ्याला फक्त बैल दिसला आणि सायकल दिसेनाशी झाली, तर यातली सगळी मजा गेली. बैलही दिसायला हवा आणि सीटही. भंगारातून प्राणी घडवणाऱ्या कुणाचंही काम मी याच कसोटीवर जोखतो.

पुढे 1951 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी त्याने पिलाला पोटाशी धरलेली बबून माकडीण केली. तिचं तोंड म्हणजे त्याच्या लेकाच्या, क्लॉदच्या, दोन खेळण्यातल्या मोटारी, एकीच्या पोटाला दुसरीचं पोट लावून बसवलेल्या. मोटारीची पुढची काच म्हणजे माकडिणीचे डोळे. शेपटीला खऱ्या गाडीची स्प्रिंग. पोराची खेळणी पळवल्यावर घरात काय झालं असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

धातू जोडायचं तंत्र पिकासो शिकला ते खुलिओ गोन्सालेस या मित्राकडून. गोन्सालेसने वेल्डिंग शिकलं होतं रेनॉ मोटारींच्या कारखान्यात. म्हणजे ही कला कलाशाळेतून नव्हे, कारखान्यातून आली.

आपल्याकडेही तिला वेगळा स्टुडिओ लागत नाही. ग्रिल-गेट करणाऱ्याचं वेल्डिंगचं दुकान पुरतं. माल पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, नाहीतर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. मुंबईचे अर्झान खंबाटा शिक्षणाने वास्तुरचनाकार, पण त्यांचं नाव झालं ते भंगारातल्या शिल्पांमुळे.

समजा, बगळा करायचाय. चोचीला सांडशी, मानेला वाकवलेली सळई, अंगाला फावड्याचं पान, पायांना पुन्हा सळया. आधी नुसते टाके मारायचे आणि लांब जाऊन बघायचं. मान दोन बोटं पुढे झुकली की बगळा मासा हेरतो, मागे घेतली की डुलकी काढतो. टाका हातोडीच्या फटक्याने सुटतो, पक्कं वेल्डिंग झालं की मात्र ग्राइंडरच हातात घ्यावा लागतो. वेल्डिंग गार होताना धातू आकसतो आणि सरळ उभा पाय एका अंगाला ओढला जातो. म्हणून टाके समोरासमोर मारतात. दोन पायांवरचा पक्षी कलंडू नये म्हणून खाली जड गिअर नाहीतर क्लच प्लेट.

सगळं लोखंड सारखं वागत नाही. बेअरिंग कडक पोलादाची, वेल्डिंगनंतर जोडाशी तडकतात. बीड त्याहून हट्टी, त्याला निकेलचा रॉड लागतो. स्टीलचा चमचा इतका पातळ, की रॉड क्षणभर जास्त टेकला तर भोक पडलंच. जीआय पाइपावरचा जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि पेट्रोलच्या जुन्या टाकीच्या वाटेला तर जाऊच नये. रिकामी दिसली तरी आतल्या वाफेचा भडका उडतो.

काम झालं की रंगाचा मोह होतो. सार्वजनिक चौकांतले कितीतरी भंगारातले मोर आणि हत्ती सोनेरी रंगात बुडवलेले असतात. पाना कुठला, चेन कुठली, काही कळत नाही. उरतो तो ओबडधोबड पुतळा. त्यापेक्षा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा, वर पारदर्शक लॅकरचा हात द्यावा आणि थांबावं. बाहेर पावसात ठेवायचं असेल तर लॅकर अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं, एवढंच.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सामान खाली येईल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मोडकी सांडशी, शिवणयंत्राचं चाक, सायकलचं फ्रीव्हील तेवढं बाजूला काढून ठेवा. किलोच्या भावाने त्यांचे फार पैसे येतही नाहीत.