मुलांच्या मनासाठी एक खोली

मनाचे श्लोक ज्या समाजात बालपणीच मुखोद्गत होतात, त्या समाजाने मनाच्या दुखण्याविषयी मात्र मौन पाळावे, ही मोठीच विसंगती होय. मुलाला ताप आला की शेजारी काढा घेऊन येतात. तेच मूल महिनाभर कोणाशी बोलेनासे झाले, रात्र-रात्र जागू लागले, परीक्षेच्या नावाने त्याचे पोट दुखू लागले, तर आपण दार लावून घेतो. 'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न आधी उभा राहतो, 'मुलाला काय होते आहे?' हा नंतर.

राऊ हे एके काळी इंदूर-महू मार्गावरील शांत गाव; आज ते शहराला जाऊन मिळाले आहे. १९९६ साली स्थापन झालेली इंदूरची भारतीय प्रबंध संस्था याच परिसरात आहे. तिच्याकडे बोट दाखवून मुलांना स्वप्ने दाखविणारे पालक मुख्याध्यापकाच्या खोलीत नित्य येतात. त्या स्वप्नाच्या ओझ्याखाली मूल वाकले आहे काय, हे विचारणारे क्वचितच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने अशी तीन मुले बसलेली असतात. ती कोणती, हे हजेरीपटावरून कळत नाही.

या बाबतीत मराठी समाजापुढे दोन उत्तम उदाहरणे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसह मार्च १९९० मध्ये ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. मानसिक आरोग्य हे केवळ रुग्णांसाठी नसून सर्वांसाठी आहे, ही तिची भूमिका. तज्ज्ञांच्या जोडीला प्रशिक्षित स्वयंसेवक, उपचारांच्या जोडीला पालक, शिक्षक व विद्यार्थी यांचे प्रबोधन, अशी तिच्या कार्याची घडण आहे. पुण्याचे 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केले, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानने त्यास आर्थिक बळ दिले. व्यसनी माणसाइतकेच त्याचे घरही होरपळते, हे ओळखून तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालविला गेला. दोन्ही संस्थांचा बोध एकच: व्यक्तीला कुटुंबापासून तोडून बरे करता येत नाही. मुलांच्या बाबतीत तर हे शतपटीने खरे आहे.

आपल्याकडे असे कार्य कोठून आरंभावे? इमारतीपासून नव्हे. गावोगावच्या आपल्या मंडळांची सभागृहे गणेशोत्सव, व्याख्याने व विवाह-मेळावे एवढे वगळता बहुधा कुलूपबंद असतात. त्यांतील एक खोली आठवड्यातून एक सायंकाळ उघडावी. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्यानुसार सात सभासद जमले की संस्थेची नोंदणी करता येते. त्या सातांत एखादी आई, एखादा शिक्षक व एखादा डॉक्टर अवश्य असावा. खरा खर्च प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या मानधनाचा. तेथे काटकसर करू नये. उत्सवाच्या रोषणाईतून काही रक्कम वळविली तरी हा भार पेलता येईल. खोलीच्या दारावर 'मानसिक' हा शब्द नसला तरी चालेल. 'पालक-बालक संवाद' असे लिहिले तर आई-वडिलांचे पाऊल उंबरठ्यावर अडणार नाही.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. पहिले, आपल्या मर्यादेचे. स्वयंसेवकाने ऐकावे, धीर द्यावा आणि योग्य वेळी तज्ज्ञाकडे पाठवावे. निदान करू नये, औषध सुचवू नये. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले तर ती धमकी समजून झिडकारू नये. त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये शासनाने सुरू केलेली 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा.

दुसरे पथ्य गुप्ततेचे, आणि ते अधिक अवघड. परप्रांतातील आपला समाज लहान. इकडची गोष्ट तिकडे पोहोचायला हळदीकुंकवाचा एक समारंभ पुरतो. एकदा जरी खोलीतील शब्द बाहेर गेला, तरी पुन्हा त्या पायऱ्या कोणी चढणार नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तेथे मौन हा अपराध ठरतो. आणि लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ही मर्यादा पालकांना व मुलांना आरंभीच समजावून सांगावी.

आपल्या पूर्वजांनी या माळव्यात येऊन वाचनालये काढली, शाळा काढल्या, नाट्यगृहे गाजविली. मुलांची भाषा टिकावी म्हणून आपण आजही धडपडतो. परंतु ज्या भाषेत मुलाला आपले दुःख घरी सांगता येत नाही, ती भाषा टिकून तरी काय उपयोग? यंदा मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्चाआधी हा एक विषय मांडला जावा, एवढीच वाचकांना विनंती.