उत्तरतालिकेतला न्याय

‘ध’चा ‘मा’ कोणी केला? सामान्यज्ञानाच्या मार्गदर्शिकांतून हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याचे उत्तर ठाऊक नसलेला विद्यार्थी महाराष्ट्रात विरळाच. आनंदीबाईचे नाव लिहावे, एक गुण पदरात पाडून घ्यावा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे, अशी ही रीत आहे.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अवघ्या 18 वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, हे निर्विवाद आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती दोष ठेवला तो राघोबादादांवर, हेही सर्वश्रुत आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची हकीकत जेम्स ग्रँट डफ याच्या 1826 साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात आढळते. परंतु तो बदल आनंदीबाईने केला असे सांगताना त्याची भिस्त लोकांच्या समजुतीवर आहे. म्हणजे न्यायाधीशाने पतीला दोषी धरले आणि वाक्प्रचाराने पत्नीला. उत्तरतालिकेने मात्र रामशास्त्र्यांऐवजी वाक्प्रचाराचाच निकाल कायम केला आहे!

असे केवळ पुण्यातच घडले, असे नव्हे. भुकेल्या प्रजेला पाव मिळत नसेल तर तिने केक खावा, असे उद्गार फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावावर जगभर खपतात. रूसोच्या आत्मचरित्रात हा किस्सा आहे, पण तेथे राजकन्येचे नाव नाही आणि पदार्थही केक नसून ब्रिओश हा लोणी-अंडी घातलेला पाव आहे. तो भाग लिहिला गेला 1760 च्या दशकात. मारी आंत्वानेत ऑस्ट्रियाहून विवाह होऊन फ्रान्समध्ये आली ती 1770 साली, वयाच्या 14 व्या वर्षी. कोणा अनामिकेचे वाक्य पुढे परक्या मुलखातून आलेल्या नावडत्या राणीला चिकटले. घरात आलेल्या स्त्रीवर खापर फोडणे लोकस्मृतीला फार सोयीचे वाटत असावे.

हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणजे एका शब्दाचे उत्तर हवे, ही परीक्षकांची अडचण खोटी नाही. पण मग प्रश्न तरी तसाच निवडावा. ‘पहिले छापील मराठी पुस्तक कोणते?’ या प्रश्नावर ‘भाषेने मराठी की लिपीनेही?’ असे विचारणारा विद्यार्थी आगाऊ ठरतो. वास्तविक तोच विचार करीत असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरहून 1805 साली निघाले. मधल्या 189 वर्षांत मराठीला स्वतःच्या लिपीतले मुद्रण का लाभले नाही, हा प्रश्न मार्गदर्शिकेत सापडत नाही. हार्मोनियम युरोपातून आले, एवढे पाठ असते. मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत त्याला दूर ठेवले, हे ठाऊक नसते.

आणि बटाटा? ‘पोर्तुगीजांनी आणला’ एवढे लिहिले की काम भागते. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे मात्र कोणी या नजरेने पाहत नाही. साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या गराचा. आपल्याकडे तो होतो टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या परिसरात. हा कंद अमेरिका खंडातला. बटाटा, शेंगदाणा, मिरची ही मंडळीही तिकडचीच. तूप-जिरे तेवढे जुने. कोलंबस 1492 साली निघण्यापूर्वी यांपैकी एकही जिन्नस या देशात नव्हता, तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळातल्या उपासाच्या ताटात तो असणे शक्यच नव्हते. येथे हजारो वर्षे पिकणारे गहू-तांदूळ उपासाला वर्ज्य आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आलेले हे पाहुणे चालतात! ही मुभा कोणी दिली, केव्हा दिली, घरोघरच्या आजीबाईंनी ती कशी मान्य केली, याची चर्चा इतिहासाच्या एका तासात सहज रंगेल. फक्त त्यासाठी चार पर्याय छापता येणार नाहीत.