चार वाट्यांचं पात्र

कोलकात्यात न्याहारीला 'पोच' मागितलं, की तेलात सोडलेलं, बलक न मोडलेलं अंडं समोर येतं. आपण ज्याला हाफ फ्राय म्हणतो तेच. पाण्यातलं हवं असेल तर 'वॉटर पोच' असं मुद्दाम सांगावं लागतं. शब्द मूळचा फ्रेंच. 'पोश' म्हणजे खिसा, पिशवी. गरम पाण्यात सोडलेल्या अंड्याचं पांढरं बलकाभोवती खिशासारखं मिटतं, म्हणून हे नाव. मराठीत याला वेगळं नाव पडलं नाही, पण कृती आपल्याकडेही आहे. रश्श्याला उकळी फुटली की त्यात अंडी फोडून सोडायची आणि झाकण ठेवायचं, असं कालवण कितीतरी घरांत होतं. रस्सा दाट आणि मसाल्याचा असल्यामुळे पांढऱ्याचे चार धागे सुटले तरी बिघडत नाही, उलट रस्सा मिळून येतो. नितळ पाण्यात मात्र सगळं दिसतं. मी कित्येक सकाळी पातेल्यात भोवरा करून अंडी सोडली आणि ढगासारखा फेस झाऱ्याने गोळा करत बसले. दोष माझ्या हाताचा नव्हता, अंड्याच्या वयाचा होता. ते कळायला बरीच वर्षं गेली.

अंड्यातलं पांढरं एकजिनसी नसतं. बलकाला धरून बसलेला थर घट्ट, त्याबाहेरचा पातळ. ताजं अंडं बशीत फोडलं तर हा घट्ट थर उंचवट्यासारखा उभा राहतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो, पांढऱ्याचा सामू साधारण ७.६ वरून ९.२ पर्यंत चढतो आणि घट्ट थर सैल होत जातो. उकाड्यात हे आणखी लवकर होतं. असं अंडं पाण्यात सोडलं की पातळ भाग आधी सुटतो आणि त्याचे धागे होतात. व्हिनेगरचा चमचा टाकला तर पांढरं लवकर आळतं, पण चव मागे राहते. हॅरॉल्ड मॅकगी या अमेरिकन लेखकाने सुचवलेली युक्ती अधिक सरळ आहे: अंडं आधी भोकांच्या चमच्यात फोडायचं, पातळ पांढरं गळू द्यायचं आणि उरलेलं पाण्यात सोडायचं. उत्तम चालते. मात्र अंड्याचा काही भाग टाकून द्यायला आपला जीव होत नाही.

आपल्या घरी येणारं अंडं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ट्रेमधलं. १९८२ साली स्थापन झालेली, पुण्यात मुख्यालय असलेली नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी रोजचा दर सुचवते, त्यामुळे भाव कळतो. कोंबडीने अंडं कोणत्या दिवशी घातलं, ते सुट्या अंड्यावर लिहिलेलं नसतं. ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी खुशाल उघड्या पाण्यात अंडी सोडावीत. आपल्यासारख्यांसाठी एग पोचर आहे.

वस्तू साधी आहे. झाकणाचं एक पसरट पॅन, त्यात बसणारी भोकांची ताटली आणि त्या भोकांत बसणाऱ्या चार वाट्या. खाली पाणी उकळतं, वाफ वर येते, वाट्यांना खालून आणि अंड्याला वरून शिजवते. पांढरं कितीही पातळ असो, वाटीबाहेर जायला त्याला वाट नाही. मोदकपात्र किंवा इडलीपात्र वापरलेल्या माणसाला यात नवं काही शिकावं लागत नाही. इडलीच्या खोलगट साच्यात तुपाचं बोट फिरवून अंडं वाफवलं तरी जमतं; फक्त साच्याला भोकं नकोत.

पाण्याला न शिवलेल्या अंड्याला पोच म्हणू नये, असं पाककृतींचे जाणकार म्हणतात, आणि शब्दाच्या हिशेबाने ते बरोबर आहे. हे वाफवलेलं अंडं आहे. पाण्यातल्या अंड्याची मऊ, सुरकुतलेली कड याला येत नाही. हे वाटीच्या आकाराचं, गुळगुळीत निघतं. पण उकडीला कमी लेखणं मराठी माणसाला शोभत नाही. मोदक वाफेवरच होतो.

वाफेची ताकद मोठी आहे. एक ग्रॅम वाफ थंड वस्तूवर बसून पाणी झाली, की जवळजवळ ५४० कॅलरी उष्णता सोडते. म्हणून झाकण घट्ट बसलेल्या पात्रात मंद आचही पुरते. आता अंड्याकडे बघा. पांढऱ्यातलं एक प्रथिन ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास आळू लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय घट्ट होत नाही. बलक मात्र ६५ ला दाटू लागतो आणि ७० ला बसतो. म्हणजे ज्याला कमी उष्णता हवी तो आत आणि जिला जास्त हवी ती बाजू बाहेर. निसर्गाने ही सोय आपल्यासाठी केलेली नसली तरी पोचरचं सगळं काम तिच्यावर चालतं. उष्णता आत पोचायच्या आधी अंडं बाहेर काढायचं, एवढंच.

माझी रीत सांगते. वाट्यांच्या बुडाला टेकणार नाही इतकं, साधारण एक बोट उंचीचं पाणी घालून ते आधी उकळायचं. वाट्यांना लोणी किंवा तूप लावायचं, कडांनाही. अंडं थेट वाटीत न फोडता आधी बशीत फोडायचं, म्हणजे खराब निघालं तर बाजूला काढता येतं. झाकण ठेवायचं, आच कमी करायची. बलक वाहता हवा असेल तर साडेतीन ते चार मिनिटं, मध्यम हवा असेल तर पाच. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे थोडा वेळ जास्त द्यावा. वेळ झाली की गॅस बंद करून थांबू नये. वाटी गरम असते आणि अंडं तिच्यात शिजतच राहतं. कडेने सुरी फिरवून लगेच ताटलीत उलटावं. गरोदर बाईला, लहान मुलांना आणि वृद्धांना वाहता बलक देऊ नये. त्यांचं अंडं पूर्ण बसू द्यावं.

विजेवर चालणाऱ्या अंड्याच्या कुकरमध्येही पोचसाठी छोटी ताटली येते, आणि या यंत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्यासोबतच्या मापावर अंडी जास्त तर पाणी कमी, अशा रेघा असतात. पहिल्यांदा वाटतं, छापताना चूक झाली. पण अंडी जास्त असली की त्यांच्यावर जास्त वाफ थंड होते, पाणी होऊन खालच्या तव्यावर ठिबकते आणि पुन्हा उकळते. तेच पाणी परत परत कामी येतं. अंडी कमी असली की वाफ सरळ झाकणाच्या भोकातून निघून जाते, म्हणून पाणी जास्त लागतं. पाणी संपलं की तवा एकदम तापतो आणि यंत्र बंद होतं किंवा सूचना देतं. घड्याळाचं काम इथे मोजलेलं पाणी करतं. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला स्वयंपाकघर कळत होतं.

मायक्रोवेव्हमधल्या पोचरच्या वाटेला मी जात नाही. बलक आतून फुटतो, आणि भाजण्याचा धोका खरा आहे.

वाट्या कशाच्या आहेत ते घेताना पाहा. माझ्या पहिल्या पोचरच्या वाट्यांचा काळा मुलामा वर्षभरात पोपडे होऊन सुटला आणि एका सकाळी अंड्याच्या बुडाला चिकटून ताटात आला. ते पात्र त्याच दिवशी टाकलं. आता स्टीलच्या वाट्या आहेत. त्यांना लोणी जरा जास्त लागतं, पण घासणीने घासता येतात. वाटीला धरायला कान हवा, नाहीतर वाफेत बोटं भाजतात. झाकण काचेचं असेल तर आतलं दिसतं: बलकावर आधी पातळ पांढरी साय धरते, आणि ती दुधाळ झाली की अंडं तयार असतं.

काच असो वा धातू, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि अंड्यावर पडून त्याला पाणी सुटल्यासारखं करतात. ढोकळ्याला करतो तेच इथे करा: झाकणाला सुती फडकं बांधा, आणि त्याची टोकं वर घ्या, आचेकडे लोंबू देऊ नका.